विचार चालू आहे

नोकरी शोधायच्या त्या ॲपमधून लाल रंग हद्दपार करायचा, हे मास्तरणीनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मास्तरीण हे तिचं घरचं नाव. शाळेत शिकवायला ती जन्मात गेली नाही. पण आठ वर्षांची असताना बाबांचा घरी राहिलेला डबा द्यायला ती आईबरोबर कारखान्याच्या फाटकाशी गेली आणि तिथली पाटी बघून तिनं पहारेकऱ्याला सुनावलं, की इतकी उंच लावलीय, ती वाचणार कोण, पक्षी? पुढच्या आठवड्यात पाटी खाली आली. बाबांनी हा किस्सा पुढं पंचवीस वर्षं येईल त्याला ऐकवला आणि पोरीला मास्तरीण हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता ती पाट्यांऐवजी फोनचे स्क्रीन सुधारत होती. तिची डिझाइन कंपनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत होती. एक अख्खी काच रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली, आणि तिच्यासमोर आठ-दहा जण दिवसभर एकाच गोष्टीचा कीस काढत बसलेले: बटण कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं. तिथे माणसाला माणूस म्हणत नाहीत, युजर म्हणतात. युजर चिडतो, युजर गोंधळतो, युजर ॲप बंद करून निघून जातो. निघून कुठे जातो हे कोणी विचारत नाही. परत कसा येईल तेवढं बघायचं.

जुन्या ॲपमध्ये अर्ज नाकारला गेला की लाल चौकटीत ठळक अक्षरं येत, 'निवड झाली नाही'. चाचणीसाठी बोलावलेल्या एका बाईंनी ती चौकट पाहिली, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि त्यावर आपली पर्स ठेवली. आधी कुठल्याशा लायब्ररीत होत्या त्या. पुढची दहा मिनिटं अगदी नीट बोलल्या, पण पर्स काही उचलली नाही. ते बघून मास्तरणीच्या पोटात तुटलं. खोटं कशाला सांगा, मनापासून तुटलं.

तिनं लाल काढला. लाल रंगाशी तिची ओळख लहानपणापासूनची. बाबांच्या कामाच्या कपड्यांवर अधूनमधून लाल रंगाचा ठिपका असे, तो काही केल्या निघत नसे आणि आई दर वेळी त्यावरून कटकट करी. तो कसला, हे विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. आता लाल चौकटीच्या जागी एक फिकट निळी पट्टी आली. पट्टीवर शब्द, 'विचार चालू आहे', आणि शेजारी तीन ठिपके, एकामागून एक हळूच उजळणारे आणि मावळणारे. या ठिपक्यांच्या वेगावर तिनं चार दिवस घातले. घाईचा नको, कंटाळवाणाही नको. शेवटी डोळे मिटून स्वतःचा श्वास मोजला आणि तो वेग ठिपक्यांना दिला.

तिची मूळ योजना दोन टप्प्यांची होती, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. पहिल्या टप्प्यात, नोकरी देणाऱ्यानं 'नको' हे बटण दाबलं तरी अर्ज करणाऱ्याला लगेच तसं दाखवायचं नाही, निळी पट्टी राहू द्यायची. दुसऱ्या टप्प्यात, आठवड्याभरात ॲपनंच चार चांगल्या शब्दांत त्याला खरं काय ते सांगायचं. पहिला टप्पा झाला. लोक ॲप दिवसातून तीन-तीनदा उघडून बघायला लागले. ज्या कंपनीचं ते ॲप, तिचा मॅनेजर आनंदानं नाचायचाच काय तो बाकी राहिला. आकड्यांशिवाय बोलत नाही म्हणून सगळे त्याला आकडेशास्त्री म्हणत. दुसऱ्या टप्प्याचं विचारलं की तो म्हणे, "करू ना, पुढच्या खेपेला." मास्तरणीनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात त्या निळ्या पट्टीसाठी भर मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि विचारायचं राहून गेलं. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

त्यानंतर तीन महिन्यांनी बाबांचा कारखाना बंद पडला.

बाबा टर्नर. चौतीस वर्षं लेथपुढे उभं राहून केसाइतकाही फरक पडू न देता लोखंड कातत आलेला माणूस. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "सुटलो बुवा एकदाचा." सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, म्हणून सगळ्यांनी तेवढंच ऐकलं. आई म्हणाली, आता जरा आराम करा. मास्तरीण म्हणाली, मी आहे ना कमावती. बाबा कुंड्यांना पाणी घालायला लागले, शेजाऱ्यांचे गळके नळ दुरुस्त करून द्यायला लागले, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायला लागले. फोन केला की एकच उत्तर, "मजेत." मास्तरीण शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहत होती, दोन आठवड्यांनी एकदा घरी जात होती, आणि तिला ते खरंच मजेत वाटत होते.

गेल्या आठवड्यात ॲपची नवी चाचणी लागली. या वेळी पन्नाशीच्या पुढचे लोक हवे होते, रोज ॲप उघडणारे. त्यांना ॲपमधूनच निरोप गेला. तो निरोपही मास्तरणीच्याच हातचा: 'आम्हाला तुमच्याशी समोरासमोर बोलायला आवडेल.' सरकारी भाषा नको, माणसाला बोलावल्यासारखं वाटलं पाहिजे, असा तिचा आग्रह. चाचण्या दुसऱ्या एका इमारतीतल्या भाड्याच्या खोलीत झाल्या, त्या तिच्या कंपनीतल्या रिसर्चवालीनं घेतल्या. मास्तरणीचं काम नंतरचं, व्हिडिओ बघायचं. व्हिडिओत चेहरा नसतो. टेबल, फोन, हात आणि आवाज, एवढंच.

गुरुवारी दुपारी जेवण उरकून ती हेडफोन लावून बसली. सात नंबरचा व्हिडिओ सुरू झाला. आधी दिसली ती इस्त्रीची कडक बाही, कफचं बटण लावलेलं. मग टेबलाच्या कडेला कापडी पाठीची जाडजूड फाइल. मग हात आला आणि फोनवर टेकला, पण मधल्या बोटानं. तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपलेली.

ते बोट सव्विसाव्या वर्षी मशीननं घेतलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना मास्तरीण तेच अर्धं बोट मुठीत धरून चालायची, कारण ते तिच्या मुठीत बरोब्बर मावायचं.

"काका, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं," रिसर्चवालीचा आवाज. "ही तुमची परीक्षा नाही हं, ॲपची आहे. नवी नोकरी वगैरे नाही, नुसती चाचणी."

"हो हो, समजलं," बाबा म्हणाले. तो त्यांचा साहेबांपुढचा आवाज होता, जरा वरच्या पट्टीतला. "आधी ही सर्टिफिकेटं बघता का? चौतीस वर्षांचं सगळं आहे यात."

"आज नको काका, त्याची गरज नाही."

"बरं. इथंच ठेवतो. लागली तर."

मास्तरणीनं व्हिडिओ थांबवायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

मधल्या बोटानं यादी उघडली. निळ्या पट्ट्या एकाखाली एक. "हे माझं रोजचं पान," बाबा म्हणाले. "सकाळी दहाला बघतो, ऑफिसं उघडली की. मग जेवण झाल्यावर. मग सहाच्या आत एकदा, ती मंडळी घरी जायच्या आधी."

"आणि या निळ्या पट्टीचा अर्थ काय वाटतो तुम्हाला?"

"अर्थ काय, लिहिलंयच की. माझा कागद कुणाच्या तरी टेबलावर आहे. अकरा ठिकाणी आहे." बोट ठिपक्यांवर थांबलं. "आणि हे बघा, हे हलतंय. म्हणजे आत्तासुद्धा कोणीतरी बघतंय. बरं वाटतं मॅडम. ज्यानं कोणी हे केलंय ना, त्याला माणसाची कदर आहे."

"सगळ्यात जुना अर्ज किती दिवसांचा?"

"वरचा? सात महिने झाले. वेळ लागणारच. सत्तावन्न वर्षांचा माणूस घ्यायचा म्हणजे विचार नको का करायला? त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता."

"घरचे काय म्हणतात?"

बाबा हसले. "घरी मी रिटायर झालोय. मजेत आहे. एकानं हो म्हटलं की सांगणार. मुलीला सगळ्यात आधी. तिचं फोनचंच काहीतरी काम असतं. आत्ता सांगितलं तर ती माझ्यासाठी चार लोकांपुढे तोंड वेंगाडत बसेल. मला नाही ते आवडायचं."

मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं. ओळखीचे एक गृहस्थ होते, कारागिरांना शिकवायच्या शाळेत. तिथल्या वर्कशॉपमधली जुनी लेथ मशीनं सांभाळायला माणूस हवा होता. ते बाबांच्या मागे लागले होते. "शुक्रवारी सांगतो म्हटलंय. पण नाही म्हणावं लागणार."

"का हो काका? चांगलंय की."

"चांगलं आहे हो. मशीनं बघून आलो मी, जुनी आहेत, माझ्या वयाची, आमचं जमलं असतं. पण हे अकरा जण विचार करताहेत ना. इकडं हो म्हणायचं आणि महिन्याभरात तिकडून बोलावणं आलं की यांना मध्येच सोडून जायचं? बरं दिसत नाही."

शेवटी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. फाइल उचलली गेली. "मग मॅडम, कळवाल ना?"

"हो काका, कळवू," रिसर्चवाली म्हणाली. ती सगळ्यांनाच म्हणते. ॲप नवीन झालं की कळवू, असं तिच्या मनात असतं.

मास्तरणीनं हेडफोन काढले. समोरच्या काचेवर रंगीत चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतल्या एका पिवळ्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'आशा वाटली पाहिजे'.

रिसर्चवाली शेजारच्याच टेबलावर होती. "सात नंबर पाहिलास? कसले गोड काका आहेत! ते 'बरं वाटतं' म्हणतात ना, तेवढा तुकडा मी सोमवारच्या मीटिंगला दाखवणार आहे."

"ते माझे बाबा आहेत."

रिसर्चवाली उठली, दार लावून घेतलं, आणि तिनं बाबांच्या अर्जांची आतली नोंद काढली. चाचणीला येणाऱ्यांकडून तेवढी परवानगी घेतलेलीच असते. अकरांपैकी सात ठिकाणी 'नको' दाबलेलं होतं. सगळ्यात जुन्या अर्जावर, ज्याच्यावर सात महिने विचार चालू होता, 'नको' दाबायला समोरच्याला चाळीस सेकंद लागले होते. उरलेल्या चार ठिकाणी अर्ज कोणी उघडलाच नव्हता.

मास्तरणीनं आकडेशास्त्र्याला फोन लावला. म्हणाली, दुसरा टप्पा आजच्या आज करायला पाहिजे.

"काय झालं काय एकदम? एका युजरसाठी?"

"एकासाठी नाही. सगळ्यांना आपण खोटं सांगतोय."

"खोटं कुठं? थोडं उशिरा सांगतोय. अगं, लोक परत येताहेत. आशा आहे म्हणून येताहेत. ती काढून घ्यायची का त्यांच्याकडून?"

हेच वाक्य वर्षापूर्वी मीटिंगमध्ये उभं राहून तिनं म्हटलं होतं, आणि आकडेशास्त्र्यानं ते मान डोलावत लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी ती न सांगता घरी गेली. आईला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. गॅलरीत आई कुंड्यांना पाणी घालत होती, आणि पाणी घालायची बाटली निळी होती, ॲपचं चिन्ह असलेली. चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाला देतात ती.

"ही कुठून आणली?"

"यांना कुठेतरी फुकट मिळाली," आई म्हणाली. "परवा नटूनथटून गेले होते कुणाला तरी भेटायला. आता इस्त्री रोज करायची म्हणे. रिटायर झाल्यावर माणसं गबाळी होतात, हे उलटेच."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "गबाळा कशाला राहू? नवरदेव शोभत नाही का अजून?"

आई "इश्श" म्हणून आत गेली. मास्तरणीनं सुरुवात करायचा प्रयत्न केला. "बाबा, तुम्हाला काहीतरी काम करावंसं नाही का वाटत? म्हणजे एखाद्या शाळेत वगैरे, शिकवायच्या ठिकाणी?"

"मास्तरीण तू. मी कसला शिकवतोय," बाबांनी उडवून लावलं आणि पान उलटलं. तेवढ्यात आई परत आली. आईसमोर सांगायचं तर त्यांचं बिंग फुटणार. उद्या सकाळी सांगू, शुक्रवार तर उद्या आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. भीती वाटत होती म्हणून म्हटलं, हे तिलाही माहीत होतं. ती तिथंच राहिली.

सकाळी साडेनऊला आई भाजी आणायला बाहेर पडली. दहाला पाच मिनिटं कमी असताना बाबा गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, कफची बटणं लावलेली, भांग पाडलेला. हातात फोन.

"कुठं निघालात?"

"कुठंच नाही. कुणाचा फोन आला तर? आपण आपलं तयार असावं."

मास्तरीण त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. "बाबा, तुमच्या अकरा अर्जांचं मला माहीत आहे."

मधलं बोट फोनवर तसंच थांबलं. "आईला?"

"नाही."

"बरं." मग थोड्या वेळानं, "तुला कुणी सांगितलं?"

"मंगळवारी तुम्ही जिथं गेला होतात ना, ते आमचंच काम आहे. तिथले व्हिडिओ मी बघते. हे ॲप मी केलंय."

तिला वाटलं होतं ते ओशाळतील. पण बाबांचा चेहरा उजळला. अगदी लख्ख उजळला, फाटकावरची पाटी खाली आल्याचं सांगताना उजळायचा तसा. "हे? हे तू केलंस? अगं मग सांगायचं नाही का! मी त्या मॅडमना म्हणालो, ज्यानं केलंय त्याला माणसाची..."

"ऐकलं मी," ती घाईनं म्हणाली. "बाबा, कोणी विचार करत नाहीये. सात जणांनी केव्हाच नको म्हटलंय. उरलेल्या चौघांनी उघडूनही बघितलं नाही."

"पण इथं तर लिहिलंय."

"ते मी लिहिलंय."

"आणि हे हलतंय ते?"

"तेही मीच."

बाबा फोनकडे बघत राहिले. दहा वाजले होते. ठिपके उजळत होते, मावळत होते. समोरच्या इमारतीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं आणि तो धप-धप आवाज तेवढा येत होता.

"लोकांना वाईट वाटू नये म्हणून केलं होतं," मास्तरीण म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "नंतर नीट सांगायचं होतं. ते राहिलं. बाबा, आज शुक्रवार आहे. शाळेतल्या त्या गृहस्थांना आत्ता फोन करा. हो म्हणून सांगा."

"त्यांना बुधवारीच सांगून टाकलं."

"काय?"

"नाही म्हणून." बाबांनी चष्मा काढला. "मंगळवारचं बोलणं चांगलं झालं ना. कळवू म्हणाल्या त्या. मग माझं ठरलंच. आणि नाही म्हणायचं ठरल्यावर समोरच्याला आणखी दोन दिवस ताटकळत कशाला ठेवायचं? त्यालाही दुसरा माणूस बघायला हवा."

मास्तरणीला कानाखाली बसावी तसं झालं. ते तिला बोलले नव्हते, साधं आपलं वागणं सांगत होते, म्हणून ते जास्त लागलं. तिनं हट्टानं त्यांना फोन लावायला लावला. पलीकडचे गृहस्थ मोठ्यानं बोलणारे होते, तिला सगळं ऐकू आलं. अरेरे, काल सांगितलं असतंत तर, कालच दुसऱ्याला चाव्या दिल्या, तुम्ही नाही म्हणालात म्हणून.

"नाही नाही, उत्तम झालं," बाबा म्हणाले, आणि आवाज पुन्हा वरच्या पट्टीत गेला. "मी सहजच केला होता फोन. त्याला एक सांगा, दाराजवळच्या लेथचा तुकडा धरायचा चक थोडा डुगडुगतो. सुरू करायच्या आधी हातानं फिरवून बघायचा. नाहीतर बोट जाईल."

त्यांनी फोन ठेवला. मास्तरीण रडत होती, आवाज न करता, लहानपणी मार खाल्ल्यावर रडायची तशी. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यामुळे तिला अजूनच रडू आलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. दोन शब्द लागतील असे बोलायला हवे होते.

"माझ्या कपड्यांवर लाल डाग असायचे, आठवतंय?" बाबा म्हणाले. "आई ओरडायची."

तिनं मान हलवली.

"एखादा तुकडा बिघडला, जरासा जरी कमी-जास्त कातला गेला, तर त्याला तिथल्या तिथं लाल रंगाचं बोट लावून लाल पेटीत टाकायचं, असा नियम होता आमच्याकडे. स्वतःच्या हातानं. नव्या माणसांना ते जड जायचं. आपण केलेलं आपणच कसं बाद करायचं? मग ते तुकडा तसाच ठेवून द्यायचे, बघू नंतर म्हणून. आणि तो तुकडा चांगल्या ढिगात मिसळायचा. मग कुठल्यातरी मशीनमध्ये बसवला जायचा आणि तिथं मोडायचा." ते थांबले. "लाल लावायला पाहिजे होतं गं, मास्तरीण. वाईट दिसलं असतं तरी."

"हो, बाबा."

"वाक्य मात्र चांगलं लिहिलंस. माझा विश्वास बसला."

मग बाबांनी फोन तिच्या हातात दिला. "एकेक वाच. आणि नाही आहे ते नाही म्हण. मला एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकू दे."

"कशाला बाबा? सांगितलं ना मी, सगळे..."

"सगळे म्हणजे कोणीच नाही. एकेक सांग."

तिनं वाचायला सुरुवात केली. वरचा अर्ज, सात महिन्यांचा, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतला. नाही. "बरं," बाबा म्हणाले. दुसरा, पंपांच्या कारखान्यातला, देखरेखीचा. नाही. "बरं." तिसऱ्याला ते म्हणाले, "तिथं मला वाटलं होतं घेतील," आणि मग, "बरं." अर्जांच्या जागा हळूहळू लहान होत गेलेल्या तिला दिसत होत्या. देखरेख करणारा, मग टर्नर, मग मदतनीस, मग गोदामातला माणूस, मग रखवालदार. आठव्यानंतर तिनं फोन खाली ठेवला.

"थांबू नकोस," बाबा म्हणाले. "तीनच राहिलेत."

ती थांबली नाही. नववा, दहावा. अकरावा अर्ज दहा दिवसांपूर्वीचा होता, एका दुकानात सामान पोचवायचा, आणि तो कोणी उघडलेला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"बरं."

खाली जिन्याशी आईचा आवाज आला, शेजारणीशी बोलत उभी होती. बाबांनी चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला, नीट घातला, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि त्या मॅडम? त्यांनी सांगितलं होतं तसं, चाचणी आहे म्हणून. पण बोलताना माणूस कसा आहे ते कळतंच की. शेवटी म्हणाल्या ना, कळवू."

मास्तरणीनं त्यांचं अर्धं बोट मुठीत धरलं. आता ते मुठीत हरवून जात होतं.

"तिथं जागाच नव्हती, बाबा."

"नाही?"

"नाही."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी हळूच बोट सोडवून घेतलं आणि आई वर यायच्या आत ते कफची बटणं काढू लागले.